काकाजींच्या रायफलचा रंग

नवी नवरी असताना मी एक कोरी रायफल चिंच आणि राख लावून घासली होती. तांब्याचा हंडा घासावा तशी. पदर खोचून, नारळाच्या शेंडीने, दुपारभर. माहेरी भांडी घासण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि सासरी ही गोष्ट अजून कोणाच्या लक्षात आली नव्हती, हे माझं तेव्हाचं मोठं दुःख होतं.

रायफल काकाजींनी घडवली होती. काकाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेलेली, नंतर आर्वीला बंदुकांचं परवान्याचं छोटंसं दुकान. पुढे दुकान, मागे घर. माणूस भेटला की ते आधी त्याच्या हाताकडे पाहत, मग तोंडाकडे. लग्नानंतर मी पाया पडले, तर आशीर्वादाच्या आधी कोपरापासून बोटापर्यंत नजर फिरवून म्हणाले, "साडेतेरा." मला वाटलं, बांगड्यांचं माप घेताहेत. पुढे कळलं, कोणाच्या हाताला बंदुकीचा दस्ता किती इंच लांब हवा, त्याचं ते माप. मामंजी साडेचौदा. सासूबाईंनी कधी बंदूक हातात धरली नाही, तरी त्या तेरा. त्या दिवसापासून काकाजींनी मला नावाने हाक मारली नाही. मी साडेतेरा.

तेव्हा, सत्तरच्या दशकात, रानडुकरं आमचा भुईमूग रात्रीत नांगरून टाकत. मामंजींना पीक राखायचा परवाना मिळाला, तशी काकाजींनी फौजेने मोडीत काढलेली एक जुनी रायफल घेतली. तिचा खटक्याचा पोलादी गाभा तेवढा ठेवला. नळी परवान्यात बसेल अशी नवी घातली, आणि दस्ता आमच्याच शेताच्या धुऱ्यावरच्या शिसमाचा, मामंजींच्या मापाने कोरला. "फौजेची बंदूक सगळ्यायच्या खांद्याची रायते," ते म्हणत, "म्हून कोनाच्याच खांद्याची नसते." मामंजी घाई करायला लागले की म्हणत, "डुकराले सांग, थांब म्हना. लाकूड अजून आयकून नाई राह्यलं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रायफल गोणपाटात गुंडाळलेलीच घरी आली; मी सोडेपर्यंत ती कोणी पाहिली नव्हती. गोळ्या मामंजींच्या कपाटात कुलपात, रायफल विळ्या-कुऱ्हाडींच्या शेजारी. सासूबाई म्हणाल्या, "हत्यारं घासूनपुसून ठेव, उद्या पूजा आहे." विळे झाले, कुऱ्हाड झाली. मग ही लांबलचक काळीकुट्ट वस्तू. मनात म्हटलं, काय ही पुरुषांची कामं, काजळीसुद्धा पुसली नाही! संध्याकाळपर्यंत नळी चांदीसारखी लखलखत होती. मी स्वतःवर इतकी खूश होते की रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी काकाजी आले. आळीतली माणसं जमली होती. आर्वीच्या बाजारात कुजबुज सुरू झालेली होतीच, की काकाजींना आता दिसत नाही, दुकान किती दिवसांचं. बंदूकवाल्याला दिसत नाही म्हटल्यावर त्याच्याकडे बंदूक कोण टाकणार? काकाजींनी पाटावरून रायफल उचलली आणि अभिमानाने सगळ्यांपुढे धरली. "पाहा, रंग कसा काया कुयकुयीत..."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकाजींचा अंगठा नळीवर थांबला. त्यांनी नळी नाकाशी नेली, एकदा हुंगली. मी दाराआड गार.

"...काया कुयकुयीत होता," ते शांतपणे म्हणाले, "पन मले पसंत नाई आला. म्हून म्याच उतरवला."

"मंग अशी नागडी काऊन आनली दसऱ्याले?" मामंजी म्हणाले.

"देवापुढं लपवाचं काय?"

लोक हसले. पूजा झाली. पाणी मागायच्या निमित्ताने काकाजी मागच्या अंगणात आले. मी रडतच गडवा पुढे केला.

"चिंच?" त्यांनी विचारलं.

"आणि राख," मी म्हटलं.

"म्या पायलं नाई, वासानं समजलं. लांबी-रुंदी दिसते वं मले. रंग नाई दिसत. पयला रंग हाताच्या सवयीनं चढवला." ते गडवाभर पाणी प्यायले. "तू माया डोयाचं सांगू नको, मी तुया चिंचेचं सांगत नाई. पन रंग तुले चढवा लागन."

रायफल काकाजी दुकानात परत घेऊन गेले. मग त्यांच्या बायकोकडे, काकींकडे, स्वेटर विणायला शिकते असं सांगून मी एसटीने आर्वीला जायला लागले. पोलादावर हलका गंज चढवायचा, तो उकळत्या पाण्यात काळा करायचा, वरची पूड ब्रशने झाडायची, की पुन्हा गंज. हात त्यांचे, डोळे माझे. "कसा आला?" "काळा." "कसा काया? कढईसारखा का जांभयासारखा?" कढईसारखा म्हटलं की पुन्हा पाणी उकळायला ठेवत. मला उकडे, कंटाळा येई, पण काकी मधूनमधून चहा देत आणि माझ्या नावाने स्वेटर त्याच विणत. शेवटी एके दिवशी मी म्हटलं, "जांभळासारखा, एकसारखा." त्यांनी लगेच तेल मागितलं. घरी स्वेटर आणि रायफल दोन्ही पोचली. सासूबाईंनी स्वेटरची तारीफ केली.

काकाजींचं दुकान चालत राहिलं. अवघड काम आलं की काकींचा निरोप येई, नवी वीण शिकायला ये. मामंजींनी हवेत बार काढले की डुकरं पळत, आणि दुसऱ्या दिवशी परत येत.

पाच-सहा वर्षांनी काकाजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा लावून ते आर्वीहून थेट आमच्या घरी आले. चहासुद्धा नको म्हणाले. "रायफल आन." अंगणातल्या उन्हात उभं राहून त्यांनी ती कितीतरी वेळ फिरवून पाहिली. तोवर मी दोन लेकरांची आई झाले होते, आणि तरी निकालाच्या दिवशी शाळेत उभी असल्यासारखी उभी होते. मग त्यांनी नळीच्या खालच्या बाजूला, दस्त्याजवळ, एका जागी बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"साडेतेरा, इथं कढईसारखाच राह्यला वं. घरात चिंच हाये का?"