सब्जानं न उतरलेली गरमी

अरुंधतीबाईंच्या जिभेला हाड नाही, असं लोणावळ्याच्या त्या दवाखान्यात सगळेच म्हणत. नर्सनं जरा आडून, गोड बोलावं. यांचं सगळं रोखठोक. पेशंट आधी दचकत आणि मग त्यांनाच शोधत येत.

कार्ल्याच्या प्रेरणाचं बाळ जन्मल्यापासून नाकानं सूं सूं करत होतं. अंग पुसताना अरुंधतीबाईंना त्याच्या हातापायांच्या तळव्यांची सालं निघताना दिसली.

"गरमी हाय ती," प्रेरणाची सासू शालूबाई म्हणाल्या. "पोटुशी असताना तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं, रक्तात गरमी हाय. लय सब्जा पाजला हिला, तरी उतरली न्हाई."

अरुंधतीबाईंचा हात थांबला. सिफिलिस म्हणायची लाज वाटली, म्हणून त्या डॉक्टरनं ‘गरमी’ हे त्याचं जुनं नाव सांगून वेळ मारून नेली होती आणि या दोघींनी ती अंगातली उष्णता समजून सुईऐवजी सब्जा घेतला होता. त्यांना भयंकर संताप आला.

डॉक्टरांनी मायलेकरांचं रक्त एकदमच तपासायला दिलं. आईच्या रक्तातली खूण बाळात थोडीफार उतरतेच. पण बाळाचा आकडा आईपेक्षा कितीतरी वर निघाला. म्हणजे आजार बाळालाच झाला होता. दोघांनाही पेनिसिलिन सुरू झालं. बाळ हळूहळू नीट दूध ओढू लागलं.

अरुंधतीबाईंनी प्रेरणाला एकटीला गाठून आजाराचं नाव घेतलं, नवऱ्याचं रक्तही तपासायला लावलं. त्यातही तेच निघालं.

"आत्या मलाच बोल लावतील. घरात घेतील का मला?" प्रेरणा रडू लागली.

"मी त्यांना काही सांगणार नाही. सांगायचं का ते तू ठरव."

गप्प राहणं अरुंधतीबाईंना फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी शालूबाई सुनेसाठी सब्जाचं सरबत घेऊन आल्या. तिचा नवरा सत्यम खाटेच्या कडेला बसला होता. प्रेरणानं पेला घेतला नाही.

"आत्या, ह्यांना द्या. गरमी ह्यांच्याकडनं आली."

शालूबाई हसल्या. मग लेकाची खाली गेलेली मान त्यांना दिसली, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ आठवला. माहेरचा धोंडिबा त्याच आजारानं गेला होता.

"कुटली गरमी रं? आपल्या धोंडिबाला झालती ती?"

"लग्नाआधी अंगावर चट्टे आलते, आये. आपसूक गेले, म्हून गप बसलो."

शालूबाईंनी पेला खाली ठेवला. प्रेरणाच्या कुशीतलं बाळ उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"तू पड जरा, पोरी. घरी गेल्यावर बी बाळाचं मीच बघीन," त्या म्हणाल्या आणि लेकाकडे बोट दाखवत अरुंधतीबाईंकडे वळल्या. "बाई, ह्याला आदी न्या. ती सुई कुटं टोचत्यात?"

"कमरेत," अरुंधतीबाई म्हणाल्या. "आणि चांगली दुखते."