सुभेदारांचं पीस स्टेशन

सुभेदारांच्या तोंडून ‘माहीत नाही’ हे शब्द वसईजवळच्या आमच्या गोखिवऱ्यात कुणी कधी ऐकले नव्हते. नळाला पाणी केव्हा येईल इथपासून दिल्लीतलं सरकार केव्हा पडेल इथपर्यंत त्यांचं उत्तर तयार असे, आणि ते चुकलं तरी आवाज खणखणीत. मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त होऊन इथल्या कारखान्यांच्या गाळ्यांवर रखवालीला लागले होते आणि आमच्या शेजारच्या खोल्यांत राहत होते. त्यांना नावाने हाक मारण्याची हिंमत बिल्डिंगीत कुणाची नव्हती.

भरती झालेल्या पोरांच्या आयांचं मात्र ते देवस्थान. ट्रेनिंग संपत आलं की पहिलं पोस्टिंग कुठे, हे पोरांनाही ऐन वेळेपर्यंत सांगत नसत. मग या बाया पोराचं पत्र घेऊन सुभेदारांकडे कौल लावायला येत. ‘ख्यालीखुशाली ऱ्हाऊ द्या, सामान काय काय दिलंय त्ये वाचा,’ एवढंच ते म्हणत. सामानावरून ते मुलूख ओळखत. जाड लोकरी कपडे असले की बोट छताकडे करून ‘वर!’ म्हणत, म्हणजे बर्फातली सरहद्द. बाकी असेल ते ‘पीस स्टेशन’, म्हणजे शांततेची जागा, जिथे गोळी नाही आणि रजा लवकर मिळते. बहुतेक वेळा ते बरोबर ठरत, हे मला आजही कबूल करावं लागतं.

माझा धाकटा भाऊ अवी बेळगावला ट्रेनिंगला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याचं पत्र आलं: ‘सोमवारी दुपारी आमची गाडी वसई रोडवरून जाणार. पोस्टिंग सांगत नाहीत. आईला म्हणावं, फलाटावर ये आणि सुकेळी आण.’ पत्राच्या शेवटी मिळालेल्या सामानाची यादी होती. आईने त्याच दिवशी जवळच्या नंदाखाल गावातल्या ओळखीच्या बाईकडून पानात बांधलेली सुकेळी आणवली. वाळवलेली ती केळी म्हणजे अवीचा जीव की प्राण. मग पत्र घेऊन ती सुभेदारांकडे गेली, मी मागोमाग.

एरवी एकदा ऐकून निकाल देणाऱ्या सुभेदारांनी ते पत्र हातात घेऊन दोनदा वाचलं. ‘बडोद्याकडचं पीस स्टेशनच असनार, वैनी. काळजी नसावी. गनपतीला रजेवर येतोय बगा.’

‘मग एवढे लोकरीचे कपडे कशाला दिलेत, भाऊजी?’

‘फौजेत समद्यांनाच देत्यात. आनि फलाटावर जाऊ नका. चारचौघांत रडारड, पोराची शोभा.’

आईने ऐकलं. देवाचं ऐकावं तसं ऐकलं. सोमवारी दुपारी ती घरातच बसून राहिली आणि सुकेळी गणपतीसाठी डब्यात ठेवून दिली. मी कॉलेजात शिकणारी घोडी, मलाही एकटीने जावंसं वाटलं नाही.

अवीचं पत्र थेट काश्मीरातून आलं. ‘वसईला गाडी सात मिनिटं थांबली. मी दारातच उभा होतो. पोरांना सांगून ठेवलं होतं, माझी आई येणार. असो.’ त्यानंतर चार महिन्यांनी बर्फाचा कडा कोसळला आणि अवी त्याखाली गेला.

तेराव्याला सुभेदार छातीवर पदकं लावून आले. आईने त्यांना बसाही म्हटलं नाही. उभ्या उभ्या विचारलं, ‘तुम्हांला ठाऊक होतं?’

‘व्हतं,’ सुभेदार म्हणाले. ‘फलाटावर आई दिसली की पोराचं पाय जड होत्यात. माजं झालं व्हतं.’

‘त्याचे पाय. माझ्या डोळ्यांचं काय?’ आई म्हणाली. यावरही सुभेदार ‘माहीत नाही’ म्हणाले नाहीतच. पाठ ताठ ठेवून निघून गेले. वर्षभरात ते गावी परतले. आई त्यानंतर सहा वर्षं जगली आणि त्यांचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मी काढत होते, पण ते शिव्या देण्यापुरतं.

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी सुभेदारांचं पत्र आलं. ‘नातू भरती झाला आहे. रविवारी त्याची गाडी वसईवरून जाईल. मला प्रवास झेपत नाही. त्याला भेटावे. सामान काय आहे ते बघून कळवावे. मला तो यादी सांगत नाही, नुसता हसतो. पोस्टिंग कुठे, माहीत नाही.’ शेवटचे दोन शब्द मी कितीदा तरी वाचले. चांगली खोड मोडली म्हातार्‍याची, असं मनात आलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

तरी गेले. सुकेळी घेऊन गेले. सुभेदारांसाठी नव्हे. ताठ पाठीवरून पोराला ओळखलं. त्याने डब्याच्या दारातून वाकून नमस्कार केला. सुकेळी ठेवायला त्याने बॅग उघडली, तेव्हा वरच जाड लोकरी मोजे होते, त्याखाली लोकरी बंड्या आणि हातमोजे. ‘आजोबांना सांगू नका हां, मावशी,’ तो म्हणाला. गाडी हलली. दिसेनाशी होईपर्यंत मी हात केला.

घरी येऊन पोस्टकार्ड लिहायला बसले. ‘नातू भेटला. तब्येत उत्तम. पीस स्टेशनच असणार. काळजी नसावी.’ हे वाक्य कुणाचं, ते सुभेदारांना ओळखू येणार होतं. मला ते माहीत होतं, आणि तरीही मी कार्ड पेटीत टाकलं.