पडू दे रे यंत्र
सोल्डरिंगचा वास आला की मला मरोळच्या गाळ्यातलं आमचं जुनं ऑफिस आठवतं. रुग्णाच्या श्वासावर नजर ठेवणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्या सेन्सरशी बोलणारा प्रोग्राम, मी आणि माझ्या शेजारी बसणारी सहकारी, आम्ही दोघं लिहीत होतो, आणि यंत्र मधूनच बंद पडायचं. प्रोग्रामचे दोन भाग एकाच वेळी एकाच मेमरीला हात घालत होते. साहेबांनी मध्ये थोडा डिले, म्हणजे क्षणभराचा थांबा, टाकायला लावला. ‘‘आता क्रॅश दिसत नाही ना? झालं तर. उद्या माल जाऊ दे.’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘दिसत नाही म्हणजे गेला असं नाही, सर. तुमच्या आईला लावाल हे?’’ साहेब लालबुंद झाले, पण माल थांबला. तिने डिले काढून टाकला. ‘‘पडू दे रे, पडल्याशिवाय कळणार कसं?’’ म्हणत यंत्र मुद्दाम पुन्हा पुन्हा बंद पाडलं, आणि नेमक्या जागी लॉक घातलं. एकाचं काम होईपर्यंत दुसरा थांबू लागला, आणि यंत्र चालत राहिलं. परवा तिच्या शोकसभेत तेच साहेब म्हणाले, ‘‘फार सोशिक मुलगी. कधी उलट बोलली नाही.’’ मी चारचौघांत बोलत नाही, पण उठलो. म्हणालो, ‘‘बोलली होती, सर. मी शेजारीच बसलो होतो.’’