परळच्या पडद्यावर काका

लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसल्या कॅमेऱ्यावर आम्ही अख्खा सिनेमा काढलाय, हे आधीच सांगून टाकते. तो थिएटरच्या पडद्यावर कसा दिसतो हे तपासायला मी नाशिकहून मुंबईला निघाले. पण खरं कारण काकू होत्या, दिनूकाकांच्या पत्नी. आमचे नायक दिनूकाका गिरगावातल्या चाळीत राहायचे, आयुष्यभर हौशी नाटकांत कामं करायचे. शूटिंग संपलं आणि काही महिन्यांत ते गेले. त्यांना एकदा मोठ्या पडद्यावर बघायचंय, एवढंच काकू म्हणाल्या होत्या. मी दाखवते म्हटलं होतं.

पहाटेची शेअर टॅक्सी धरली. एसटीपेक्षा महाग पडते, पण कसारा घाटात झोप होते आणि थेट दादरला उतरता येतं. तिथून हिंदमाता जवळच. साड्यांच्या दुकानांवरच्या माळ्यावर एक छोटा स्टुडिओ आहे, तिथे थिएटरच्या प्रोजेक्टरला चालेल अशी फाइल करून देतात. आमचा निखिल, म्हणजे दिग्दर्शक, कॅमेरामन आणि हमाल सगळं एकच, हार्डडिस्क पोटाशी धरून जिन्यात बसला होता. तुम्ही जाल तेव्हा दोन प्रती घ्या.

त्याला परळच्या थिएटरवर पाठवून मी गिरगावात गेले. काकू ठेवणीतली साडी नेसून, कुलूप हातात घेऊनच उभ्या. टॅक्सी भायखळ्याला आली. तेव्हा काकू म्हणाल्या, "पडदा केवढा असतो गं हल्ली?"

दुपारच्या पहिल्या खेळाआधी थिएटर बरंच स्वस्तात मिळतं. रिकाम्या खुर्च्यांत आम्ही तिघंच. सिनेमा छान चालला होता. अंधारातले प्रसंग जरा दाणेदार दिसले, पण ते चालण्यासारखं होतं. मग शेवटचा शॉट आला. काका गॅलरीत उभे राहून थेट आपल्याकडे बघतात, बाकी काही नाही. या शॉटसाठीच मी पटकथा लिहिली, असं म्हटलं तरी चालेल.

काकांचा चेहरा वाफेमागे असावा तसा पुसट होता. मागे दोरीवर वाळणारी हिरवी साडी मात्र काठाच्या धाग्याधाग्यासकट स्वच्छ.

"फोकस मागे गेलाय," निखिल हळूच म्हणाला. "कॅमेऱ्याने आपोआप साडी पकडली. एवढ्याशा स्क्रीनवर कळलंच नाही रे देवा."

"परत घेता..." मी म्हणायला गेले आणि थांबले.

"ती माझी साडी," काकू म्हणाल्या. दिवे लागले तरी त्या पडद्याकडेच बघत होत्या. "काढून टाक रे तो शॉट."

"काकू, राहू दे ना. शेवटचे दिसतात त्यात ते."

"म्हणून काय झालं? नाटकात मागच्या पडद्याला सुरकुती दिसली तर हे प्रवेश सुरू करू द्यायचे नाहीत. असते तर त्यांनीच काढायला लावला असता. लोक काय तिकीट काढून माझी साडी बघायला येणारेत?"

निखिलने मान डोलावली. मला रडू आलं, आणि त्या दोघांचा रागही आला.

लालबागच्या एका खानावळीत बांगड्याची थाळी घेतली. तिखट आहे, सोलकढी सोबत घ्याच. काकू काटे नीट काढून जेवल्या. हात धुऊन आल्यावर त्यांनी पर्समधून फोन काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"तो तुकडा यात टाकून दे. यात बरे दिसतील ते."

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. सिनेमा आता काकांच्या पाठमोऱ्या शॉटवर संपतो आणि तसा जास्त चांगला झालाय, हे कबूल करायला मला जड जातं. स्वस्त कॅमेऱ्याने सिनेमा काढणार असाल तर जरूर काढा, पण माणसं हाताशी आहेत तोवर एकदा तरी थिएटरात लावून बघा.

तो शॉट माझ्याही फोनवर आहे. तळहाताएवढ्या चौकटीत काका अगदी स्पष्ट दिसतात, डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसकट. भाऊ म्हणतो, टीव्हीला जोड, मोठं दिसेल. मी अजून जोडलेला नाही.