आधी तुम्ही

आमच्या घरात बडोद्याची अदब फार. पणजोबा संस्थानात साधे कारकून, पण तोरा दिवाणाचा! 'आधी तुम्ही' म्हटल्याशिवाय दारातून आत पाऊल टाकायचं नाही. बाबांनी स्कूटर शिकवली तीही याच नियमावर: कोणी खोळंबलेला दिसला की थांबायचं आणि हाताने 'जा' म्हणायचं. पुढे मी मोटार चालवायला लागले, तरी हात तसाच उठायचा. समोरचा मान हलवून जायचा आणि मला दिवसभर बरं वाटायचं. आता मेला त्या बरं वाटण्याचाच राग येतो.

बडोद्यातच, समा भागाच्या रस्त्यावर, दुभाजकात मोकळी जागा सोडलीय तिथे, एक मोटरसायकलवाला थांबला होता. त्याला माझ्या पुढून आडवं जाऊन सोसायटीच्या गल्लीत शिरायचं होतं. सकाळचे साडेदहा, कोणी त्याला वाट देईना. मी दुभाजकाला लागूनच येत होते. ब्रेक मारला, काचेतून हात केला. तो हसला. डोक्यावर हेल्मेट, पट्टीसुद्धा लावलेली. माझ्या बॉनेटपुढून तो गेला, आणि माझ्या डावीकडून एक टेम्पो सुसाट आला.

डावीकडचा आरसा मी पाहिलाच नव्हता. एवढंच. अर्ध्या क्षणाचं काम होतं हो!

हेल्मेटमुळे डोकं वाचलं. डावा गुडघा गेला. तो छाणीकडे एका वर्कशॉपात फिटर, दिवसभर उभ्याचं काम. मीच त्याला दवाखान्यात नेलं, म्हणून सगळ्यांनी मला देवी करून टाकली. "तू तर थांबली होतीस, चूक टेम्पोवाल्याची," आमचे हे म्हणाले. पोलीसही तेच म्हणाले. त्याच्या बायकोने तर माझे पाय धरले. मी मुकाट्याने धरू दिले. लाज कशी वाटली नाही मला?

तेव्हापासून हा हात मला माझा वाटत नाही. पोळ्या लाटताना, देवापुढे निरांजन ओवाळताना मध्येच तो दिसतो, काचेमागे हलणारा. रस्त्यात आता मी थांबते, पण हात स्टिअरिंगवरून उचलत नाही. आधी आरसे बघते, दोन्ही. समोरच्याला स्वतः बघून जाऊ दे. मागचे हॉर्न मारून जीव खातात, खाऊ देत.

आठ महिने मी गप्प होते. परवा मात्र त्याच्या घरी गेले. तो खाटेवर पाय लांब करून बसला होता. वर्कशॉपाने दुसरा माणूस घेतला, असं त्याने सहज सांगितलं. बायको चहा ठेवायला आत गेली, तशी मी एका दमात बोलून टाकलं. "भाई, मी हात केला तेव्हा मागे बघितलं नव्हतं. आरसाच पाहिला नव्हता मी."

त्याने दोन्ही हातांनी पाय उचलून खाटेवर नीट ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बेन," तो म्हणाला, "टेम्पो मला दिसला होता. मी थांबणारच होतो. पण तुम्ही हात केला. मला वाटलं, तुम्ही बघूनच सांगताय."

आतून बायकोने मला विचारलं, साखर किती घालू. त्यानेच सांगितलं.