उणे पस्तीसात उकळणारी गाडी

ग्रिमीची गाडी उणे पस्तीसात उकळायची. पापण्या एकमेकींना चिकटाव्यात अशी थंडी, आणि ग्रिमी गाडीच्या मागे उभा राहून रेडिएटरच्या वाफेला शिव्या घालतोय, हे दृश्य कॅनडातल्या गोठलेल्या विनिपेग सरोवरावर तीन हिवाळे सगळ्यांनी पाहिलं. चौथ्या हिवाळ्यात त्यासाठी कोणी गाडी थांबवेनासं झालं.

पूर्ण नाव थोरग्रिमुर. आजोबा आइसलँडहून आले आणि आल्याबरोबर सरोवराच्या बर्फाला भोक पाडून त्यांनी खाली जाळं सोडलं. तेव्हापासून त्या घरात दुसरा उद्योग कोणी केला नाही. एक काका दातांचा डॉक्टर झाला होता, पण त्याचा विषय घरात सहसा निघत नसे.

गाडी एकावन्न सालची, बर्फावर चालणारी. पुढे चाकांऐवजी घसरत्या लांब फळ्या, मागे रबरी पट्टे, लाकडी अंग, बोटीसारख्या गोल खिडक्या. इंजिन सगळ्यांत मागे, माशांच्या पेट्यांना पाठ लावून. ही सोय मुद्दाम होती. इंजिनाच्या उबेने मासा घरी येईपर्यंत ताजा राही. गोठला, तर घाटावरचा मासळी घेणारा माणूस वाद न घालता पेटीवर खडूने फुली मारी आणि पुढच्या पेटीकडे वळे.

म्हणजे ऊब हवी, पण बेताची. बाजूच्या फटींतून गार हवा आत यायची, रेडिएटरमधून इंजिनावर जायची आणि मागच्या लोखंडी जाळीतून बाहेर पडायची. कागदावर काढलं तर पोरालाही समजेल. ग्रिमीने कागदावर काढलंही होतं, सात वेळा. सातही वेळा गाडी उकळायला नको होती.

त्याने रेडिएटर दोनदा बदलला. पाण्याच्या नळ्या बदलल्या. थंडीसाठी फटींवर लावायचा पुठ्ठा आधी अर्धा केला, मग पाव केला, मग रागाने चुलीत घातला. शेजारचा ओडुर म्हणाला, "पंखा उलटा बसवलायस." पंखा सुलटा होता. तरी ग्रिमीने तो काढून पुन्हा तसाच बसवला. अंगणात गाडी दोन-दोन तास चालू ठेवली की काटा मधोमध, जरा म्हणून हलायचा नाही. सरोवरावर माशांनी भरून परत निघाली की तासाभरात लाल रेघेवर.

"तिला मासे आवडत नसतील," ओडुर म्हणाला. तो कॉफी प्यायला आला होता. त्याने दहाच थेंब मागितले होते आणि आता तिसरा कप दातांतल्या साखरेच्या खड्यावरून गाळत होता.

"तुझी नाही उकळत?"

"माझी उकळते. पण मी त्याचा गाजावाजा करत नाही."

गाडी उकळली की ग्रिमीची एक ठरलेली पद्धत होती. इंजिन बंद करायचं. खाली उतरून मागचं दार उघडायचं. तिथे जाळीच्या तोंडावर त्याने चार हिवाळ्यांपूर्वी एक तार बांधली होती आणि तारेवर ओले हातमोजे वाळत घातलेले असत. माशांची जाळी ओढताना मोजे भिजतातच, आणि एवढी गरम जागा बारा मैलांत दुसरी नव्हती. हे मोजे त्याची बायको लॉगा विणायची, जुन्या पद्धतीचे, प्रत्येकाला दोन अंगठे. एक तळवा झिजला की मोजा फिरवून घालायचा. तर ग्रिमी आधी तारेवरचे वाळलेले मोजे काढी, एक जोडी हातात चढवी, बाकीचे खिशात कोंबी आणि मग रेडिएटरचं झाकण उघडी. तापलेल्या झाकणाला उघडा हात कोण लावील? मग तो नीट तपासणी करी. सगळं जागच्या जागी असे.

गेल्या मार्चमध्ये गाडी किनाऱ्यापासून नऊ मैलांवर उकळली आणि पुन्हा चालू झाली नाही. ग्रिमी चालत आला. येताना डाव्या करंगळीचं टोक थंडीला गेलं. पायाची करंगळी होती, म्हणून त्याने ते दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. मुलगी आल्डिस, ती नर्स होती, तिला बँडेज बांधताना दिसलं.

"बाबा, आता फक्त एकदा," ती म्हणाली. "एकदा जरी उकळली, तरी किल्ली माझ्याकडे. आणि उकळली का ते आईला विचारीन, तुला नाही."

ग्रिमी एकाहत्तर वर्षांचा होता. किल्ली गेली म्हणजे खिडकी. ओडुरचा भाऊ किल्ली दिल्यावर खिडकीत बसला होता. दोन हिवाळे त्याने जाणाऱ्या गाड्या मोजल्या. तिसऱ्या हिवाळ्यात मोजणं सोडलं.

त्यामुळे जानेवारीत लॉगा स्वतः गाडीत येऊन बसली, तेव्हा ग्रिमीने गाडी चालू केली. ती मागे माशांच्या पेट्यांपाशी बसली, विणकाम घेऊन. जाताना काटा मधोमध. दिवसभर माशांची जाळी ओढली, अकरा पेट्या भरल्या, बारा ओले मोजे तारेवर गेले, आणि दोघं परत निघाले.

पाचव्या मैलावर काटा उठला.

ग्रिमीने खिडकीची काच उघडली. काटा चढतच राहिला. त्याने वेग कमी केला, मग वाढवला, मग टोपी काढली. टोपीचा इंजिनाशी संबंध नव्हता.

"किती?" मागून लॉगा.

"ठीक आहे."

"मी ठीक आहे का विचारलं नाही. किती?"

"लाल रेघेच्या अलीकडे."

"किती अलीकडे?"

किनाऱ्यावरचं घर दिसत होतं. दारात एक निळा ठिपका होता, आल्डिसची गाडी.

"माझे हात गारठले," लॉगा म्हणाली. "एक जोडी घेते." आणि तिने इंजिनाकडची आतली झडप उघडली.

"चालत्या गाडीत झडप उघडायची नाही!" हा ग्रिमीचा नियम होता. तो त्याने स्वतः छत्तीस वर्षं पाळला होता.

लॉगाने झडपेतून डोकं आत घातलं. मग तिचा आवाज आला. "ग्रिमी, हे सगळे इथे काय करतायत?"

"वाळतायत."

"वाळत नाहीयेत. पंख्याच्या वाऱ्याने जाळीवर चिकटून बसलेत. बाराच्या बारा. आणि दोन-दोन अंगठे, सगळे जाळीच्या भोकांत घुसलेत. इथून माशीसुद्धा बाहेर पडणार नाही."

तिने ओढायला सुरुवात केली. एकेक मोजा सुटताना लोकर फाटल्याचा आवाज येत होता. सहावा निघाला तेव्हा काटा थांबला. नववा निघाला तेव्हा खाली यायला लागला. बारावा निघेपर्यंत तो मधोमध येऊन अंगणात बसायचा तसा बसला होता.

पुढचे दोन मैल लॉगा मांडीवरच्या मोज्यांचे अंगठे मोजत होती.

"तू दर वेळी आधी हे काढायचास," शेवटी लॉगा म्हणाली.

"हो."

"हातात घालायचास."

"हो."

"आणि मग शोधायचास."

ग्रिमी रस्त्याकडे पाहत होता. सरोवरावर रस्ता नसतो.

"तुझेच मोजे," तो म्हणाला.

"दोन अंगठ्यांचेच हवेत म्हणून हट्ट कोणाचा होता?"

आल्डिस दारातच उभी होती. तिने गाडीच्या मागून एक फेरी मारली, झाकणावर हात ठेवला, काटा पाहिला आणि आईकडे वळली. "उकळली?"

ग्रिमीने किल्ली काढून मुठीत धरली होती. पेट्या उतरवायच्या सोडून तो उभा राहिला.

"नाही," लॉगा म्हणाली. तिने मांडीवरचे मोजे पिशवीत भरले. त्यातल्या पाचांना आता एकेकच अंगठा होता. "गाडीत काही बिघाड नाही. कधीच नव्हता. आत चल, कॉफी टाकते."

आल्डिसने बापाकडे पाहिलं. बापाने पेटी उचलली. किल्ली नेहमीच्या खुंटीला लागली.

दुसऱ्या दिवशी ग्रिमी एकटाच गेला. तार काढून टाकलेली होती. काटा जाताना मधोमध, येताना मधोमध. मोजे पायाशी ओले पडले होते, त्यांचे दगड झाले. चार हिवाळ्यांत पहिल्यांदाच घरी परतताना त्याचे हात गारठले होते आणि गाडी गार होती, आणि यात समाधान मानावं की नाही हे त्याला ठरवता येईना.

त्या आठवड्याच्या शेवटी त्याने एकच मोजा जाळीवर टांगला. काटा केसभर वर गेला आणि थांबला. ग्रिमीने मोजा तसाच राहू दिला.

ओडुरला त्याने काही सांगितलं नाही. ओडुरच्या घरचे मोजेही लॉगाच विणायची.