एक रंग खाली

जगात कुठं काय पेटलंय हे रोज सकाळी सांगणं हा माझा धंदा आहे. केजमध्ये चुलतभावाच्या खताच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं मी बसतो. खाली युरियाची पोती उतरत असतात आणि वर मी कुठल्याशा देशातल्या उठावाचा, बंद पडलेल्या बंदराचा, सीमेकडे सरकलेल्या फौजेचा अर्थ लावत असतो. पुण्यातली एक कंपनी मला त्याचा पगार देते. जहाजवाले, माल पाठवणारे, विमा उतरवणारे असे लोक आमचं पत्रक वाचतात आणि आपली माणसं कुठून न्यायची, कुठून नाही, ते ठरवतात.

समोरच्या हॉटेलात चहाला गेलो की ठरलेला प्रश्न यायचा. "काय बे, आज कुठं पेटलं?" मी सांगायचो. मग कुणीतरी म्हणायचं, "ह्याला रशियाचं समदं कळतंय, पण आपली लाइटीची डीपी कवा दुरुस्त व्हणार ते कावून कळत न्हाई?" मला जगाचा तलाठी असं नाव पडलं होतं. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? पुण्यात सहा वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन हात हलवत परत आलेल्या माणसाला नुसतं तलाठी म्हटलं तरी बरं वाटतं.

आमच्या पत्रकात चार रंग असतात. हिरवा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे लक्ष असू द्या, केशरी म्हणजे जपून, लाल म्हणजे जाऊ नका. रंग ठरवायला नकाशे, बातम्या, जहाजांच्या हालचाली, तिथल्या लोकांचे निरोप असं सगळं चाळावं लागतं. पण कामाला लागलो त्या पहिल्या महिन्यातच वरिष्ठांनी एक गोष्ट शिकवली. शंका आली की एक रंग वर चढवायचा. लाल लिहिलं आणि काही झालं नाही, तर कुणी जाब विचारत नाही. हिरवा लिहिला आणि काही झालं, तर गिऱ्हाईक तुटतं. थोडक्यात, तोंड पोळायच्या आधीच ताक फुंकून प्यायचं.

मी वर्षानुवर्षं रंग चढवत आलो. लाल लिहायचो आणि बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. मग मनात आपोआप उलटी उजळणी सुरू झाली. कागदावर लाल म्हणजे खरं तर केशरी, केशरी म्हणजे खरं तर पिवळा. स्वतःच घातलेलं भय स्वतःच काढून टाकायचं आणि उरेल ते सत्य मानायचं, अशी ती सवय होती. घरच्यांना मी हे उरलेलं सत्य सांगायचो.

घरचे म्हणजे माझ्याजवळ राहणारी आई आणि मुख्यतः माझी धाकटी बहीण. तिचा नवरा, आमचे दाजी, फिटर. काम शिकले कड्याच्या साखर कारखान्यात. चालत्या मशीनला कान लावून कुठलं बेअरिंग बोंबलतंय ते सांगणारा माणूस. पुढं कुणाच्या तरी ओळखीनं कोर्स केला, एजंट गाठला आणि एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून लागले. त्यांचं घर तलवाड्याकडं, मेंढरं राखणारं. त्या घरात समुद्र कुणी बघितलेला नव्हता. त्यांचे वडील, ज्यांना मी मामा म्हणतो, लोकांना सांगायचे, "पोरगं पाण्यावरल्या कारखान्यात हाय." मला वाटतं, इतकं नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं.

दाजी समुद्रावर गेले की बहिणीचा रोज सकाळी फोन यायचा. पत्रक पाठवून मी नुकताच चहा ओतलेला असायचा.

"दादा, आज रंग कुठला?"

"पिवळा."

"म्हंजी फिकीर न्हाई ना?"

"अगं, पिवळ्याला कोण भितं?"

कागदावर केशरी असायचा. मी एक रंग खाली उतरवून द्यायचो. ती समाधानानं फोन ठेवायची आणि शेळ्या सोडायला जायची. तिला फसवतोय असं मला कधी वाटलं नाही. उलट कंपनीला आपण फुगवून सांगतो आणि बहिणीला तेवढं खरं सांगतो, असा माझा समज होता. त्या समजाचा मला अभिमानही होता.

त्या दिवसांत दाजींचं जहाज एका सामुद्रधुनीच्या अलीकडे नांगर टाकून उभं होतं. पलीकडे जायला तोच चिंचोळा रस्ता, आणि त्या रस्त्यानं जाणाऱ्या जहाजांवर किनाऱ्यावरून हल्ले होत होते. मी आठवडाभर तोच भाग बघत होतो. त्या सकाळी मी रंग लाल केला. खाली लिहिलं, अत्यावश्यक नसल्यास हा प्रवास पुढे ढकलावा, काही दिवस बाहेरच थांबावे.

तासाभरानं बहिणीचा फोन आला. आवाज घाईचा होता.

"दादा, त्यांचा फोन आलता. कप्तानानं समद्यांना कागद दिलाय. पुढं यायला तयार हाय का इथंच उतरून घरी जायचंय, त्यावर सही करायची. दुपारपतूर टाइम हाय. ते म्हनले, दादाला इचार. दादा उतर म्हनले तर उतरतो."

असा कागद देतात हे मला माहीत होतं. धोक्याच्या पाण्यात जायला नाही म्हणण्याचा हक्क खलाशाला असतो, कंपनी त्याला घरी पोहोचवते. कुणी त्याला पळपुटा म्हणत नाही, निदान कागदावर तरी नाही.

"रंग कुठला हाय?" तिनं विचारलं.

समोर पडद्यावर लाल होता. मी म्हणालो, "केशरी आहे. पण तसं काही नाही. रोज किती जहाजं जातात तिथून. करू दे सही."

इतकं बोलायला मला किती वेळ लागला? घोटभर चहा प्यायला लागतो तेवढासुद्धा नाही. पण त्या तेवढ्याशा वेळात मी फक्त समुद्राचा विचार करत नव्हतो, हे आज सांगायला हवं. माझ्या डोळ्यांसमोर दाजी होते, बॅग घेऊन एसटीतून उतरणारे, करार अर्धा टाकून आलेले. अर्ध्यातून परत आलेल्या माणसाकडे गाव कसं बघतं ते मी भोगलं होतं. आधी तब्येत विचारतात, मग कारण विचारतात, मग काहीच विचारत नाहीत. एजंटानं पुन्हा बोलावलं नाही तर दाजी पुन्हा हंगामी कामावर जाणार, आणि बहिणीच्या घरात माझ्यासारखाच एकजण होणार. हे मला नको होतं. धोका तोलायला बसलेल्या माणसानं जहाजाच्या जागी स्वतःलाच तोललं.

दाजींनी सही केली.

दोन दिवसांनी, भर दुपारी, नकाशावरचा एक बाण थांबला. आमच्या पडद्यावर प्रत्येक जहाज म्हणजे एक बारीक बाण असतो आणि त्याच्यावर टिचकी मारली की नाव दिसतं. मला टिचकी मारायची गरज नव्हती. त्या बाणावर माझी दोन दिवस नजर होती. थोड्या वेळानं निरोप यायला लागले. जहाजावर हल्ला. इंजिनरूममध्ये आग. बाकीचे सुखरूप, एक कर्मचारी बेपत्ता.

आमचा नियम असा की अशी घटना झाली की वीस मिनिटांत सूचना गेली पाहिजे. मी ती लिहिली. चार ओळी, एकही चूक नाही. 'एक कर्मचारी बेपत्ता' हे शब्द मी माझ्या हातानं टंकले आणि पाठवून दिले. मग खुर्चीत बसून स्वतःला समजावत राहिलो की जहाजावर वीस-बावीस माणसं असतात, इंजिनरूममध्ये एकटे दाजीच थोडेच असतात. बहिणीला फोन केला नाही. नक्की कळू दे, मग करू, असं म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. तिला कुणी काही कळवलेलं नव्हतं.

"दादा, आज रंग कुठला?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

दहाच्या सुमाराला एजंटाचा फोन तिच्या घरी गेला.

त्याच आठवड्यात वरिष्ठांचं पत्र आलं. आमच्या इशाऱ्यामुळं एका गिऱ्हाइकानं आपलं जहाज सामुद्रधुनीबाहेर थांबवून ठेवलं होतं. त्यांनी आभार मानले होते. अचूक अंदाज, उत्तम काम, असं त्यात लिहिलं होतं. ते जहाज कुणाचं, त्यावर कोण होतं, मला माहीत नाही. पण त्या जहाजावरचा फिटर जिवंत आहे आणि तो माझ्यामुळं जिवंत आहे, हे मला ते पत्र विसरू देत नाही. मी स्वतःही नाही.

त्यानंतर मला स्वस्थता नाही. दुकानाला लागूनच पिठाची गिरणी आहे. दिवसभर तिचा पट्टा फटफट वाजतो. वीज गेली की तो आवाज एकदम बंद पडतो, आणि भर उन्हात माझ्या अंगावर काटा येतो. दाजी मशीनला कान लावून बसायचे. त्यांनी शेवटी काय ऐकलं असेल? कुठलं बेअरिंग बोंबलतंय ते बघायला ते आत गेले असतील का? असले प्रश्न पडत राहतात. जहाज ओढून नेलं, दुरुस्त केलं, आणि काही महिन्यांनी तो बाण नकाशावर परत हलायला लागला. नाव तेच. मी रोज तो शोधतो. सापडला की हायसं वाटतं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटते. एकदा तो त्याच सामुद्रधुनीतून दिवसाढवळ्या निवांत पलीकडे गेला. तेव्हा मी खोलीचं दार लावून घेतलं आणि रडलो.

बहिणीनं कुंकू पुसलं नाही. बेपत्ता म्हणजे गेला असं कुणी लिहून दिलं नाही, असं तिचं म्हणणं. कंपनीशी इंग्रजीतला सगळा पत्रव्यवहार मी केला. दर वेळी सही घ्यायला गेलो की ती मलाच धीर द्यायची. "तुला तरी काय ठाऊक, दादा? समिंदरातलं कुणाला कळतंय?" मी मान हलवायचो. सही झालेले कागद पिशवीत घालायचो आणि निघायचो.

असं वर्ष गेलं. मग मामांनी भावकी बोलावली. दाजींच्या जागी दर्भाचा पुतळा करून अंत्यविधी उरकावा, असं वडीलधाऱ्यांचं मत होतं. मलाही निरोप आला. अंगणात सतरंजीवर पंधरा-वीस माणसं. बहीण दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मी ते करू देणार न्हाई." कुणी तिला फार बोललं नाही. चहा झाला. आणि मग मामा उठले. हातात नारळ, टॉवेल आणि टोपी होती.

"पाव्हण्यानं आमच्यासाठी लई केलं," ते म्हणाले. "पोरगं पाण्यावर होतं तवा रोज खबर द्यायचा. इमानानं द्यायचा. मागून समदे कागद त्यानंच केले. भाऊ असावा तर असा."

त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, प्रसंग तसा नव्हता, पण सगळ्यांनी मान डोलावली. बहिणीचे डोळे भरून आले होते. 'इमानानं' हा शब्द मला सहन झाला नाही. मी टोपी काढून हातात घेतली आणि मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेलो. ती पाठोपाठ आली.

तिथं उभ्याउभ्या मी तिला सांगितलं. फोनमध्ये ते पत्रक होतं, वर्षभर मी ते पुसलं नव्हतं. त्यातल्या ओळी तिला मराठीत वाचून दाखवल्या. रंग लाल. प्रवास पुढे ढकलावा. बाहेरच थांबावे.

मग तिनं विचारलं, "मी फोन केलता तवा हे लिवून झालतं?"

"झालं होतं."

"आन् हे कुणाला पाठीवलंतं?"

"कंपन्यांना."

"म्हंजी वळखीच्या न्हाईत त्या लोकांना खरं सांगितलंस."

मी तिला समजवायला लागलो. एक रंग चढवायचा नियम, एक रंग उतरवायची माझी सवय, मला खरंच वाटलं होतं की काही होणार नाही. बोलता बोलता मला माझाच आवाज कळेनासा झाला. तिनं मध्येच हात वर केला.

"ते उतरायला तयार हुते, दादा. एका शब्दासाठी थांबलते."

मेंढरं पायाशी घोटाळत होती. तिनं एका कोकराला बाजूला सारलं, पदर नीट केला. अंगणातून तिला कुणीतरी हाक मारली, तिकडं तिनं वळून बघितलं, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आईला ह्यातलं काई सांगू नको. तिला तरी तिचा लेक ऱ्हाऊ दे."

आता सकाळी तिचा फोन आईला येतो. दोघी बराच वेळ बोलतात, शेळ्यांचं, शेताचं, दुखण्याखुपण्याचं. शेवटी आई म्हणते, "थांब, दादाकडं देते," आणि फोन माझ्या हातात देते. मी कानाला लावतो तोवर पलीकडून तो बंद झालेला असतो. आई भाकरी थापता थापता विचारते, "काय म्हनली?" मी सांगतो, "काही नाही, बरी आहे."